खो-खोच्या पाटीवरून दोरीवर

सहावीतली मुलगी. पी.टी.चा तास आला की पोटात दुखायचं. खो-खोत तिला सगळ्यांत शेवटी घ्यायचे, तेही लिंबूटिंबू म्हणून. वर्गशिक्षिकेच्या मते ती आळशी. मला ते पटत नव्हतं, कारण मधल्या सुट्टीत हीच पोरगी मैदानाच्या कडेच्या बारला लोंबकळत ओठांतल्या ओठांत आकडे मोजत असायची. आळशी मूल आपण होऊन असं लटकत नाही.

बाजूला घेऊन विचारलं, नेमकं काय नको वाटतं? पळणं? ऊन? म्हणाली, "सर, माझ्यामुळे संघ हरला की सगळे माझ्याकडे बघतात." म्हणजे अंगमेहनतीशी तिचं भांडण नव्हतंच. दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडायची पद्धत अजून शाळाशाळांतून चालते. शेवटी उरणाऱ्या पोराचा रोज चारचौघांत पाणउतारा करणारी ही पद्धत बंदच व्हायला हवी.

तिला दोरीच्या मल्लखांबावर घेतलं. सुती दोरी, साधारण 2 सेंटिमीटर जाडीची, एकही गाठ नाही, खाली जाड गादी. लाकडी मल्लखांबाला एरंडेल लावतात, दोरी मात्र कोरडी हवी, म्हणून घामेजले तळवे आधी पुसायचे. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडायची. हात डोक्यावर. गुडघे पोटाशी ओढून बेचका आवळायचा, पाय ताठ करत उठायचं आणि मगच हात वर सरकवायचे. नवखी मुलं नुसत्या हातांनी अंग खेचतात, पाय मोकळे लोंबतात आणि दंड लगेच भरून येतात. जोर पायांचा, हात धरून ठेवण्यापुरते. उतरताना घसरायचं नाही, तळहात सोलून निघतात. हाताखाली हात घेत यायचं. घोट्यापर्यंत अंगाबरोबर बसणारी लेगिंग हवी, नाहीतर मांड्यांना चटके बसतात. बेचक्यातली कातडी सुरुवातीला हुळहुळते. फोड आला असेल तर दोरी बंद, कारण दुखऱ्या पायाने मूल पकड सैल ठेवतं आणि तिथेच पडतं.

सुरुवातीला उंची गाठायची नाही. तीन ओढी वर, दोन श्वास स्थिर, नीट खाली.

खरी अडचण रांगेची होती. दोरी एक, मुलं वीस. एकाला जेमतेम दीड मिनिट आणि एकोणीस जणांची नजर त्याच्यावर. म्हणून रांगच मोडली. बाकीच्यांनी दोरीकडे पाठ करून दंड, बैठका, बारला लटकणं, कमान. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, आठवड्यातून निदान 3 दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायामही. त्यात चेंडू किंवा संघ असलाच पाहिजे असं कुठेही नाही.

आता तिची आई विचारते, स्पर्धेत कधी उतरवणार? पोरीची पकड उत्तम, अंग लवचीक, वयही योग्य. पण स्पर्धेत पंच बसतात आणि संघाचे गुणही धरले जातात. जे नको म्हणून ती दोरीवर आली, तेच पुन्हा पुढ्यात. तिला विचारलं तर म्हणाली, "मार्क नसतील तर करते." यंदा नाव दिलेलं नाही. पुढच्या वर्षी द्यावं का, हे अजून माझं ठरत नाही. तिच्या मनाविरुद्ध देणार नाही, एवढं आईला सांगून ठेवलंय. सध्या दोरीवर उलटं होणं शिकवायला घेतलं आहे.