मोठ्या पोरांसाठी चित्रांची पुस्तकं
सातवी-आठवीतली पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत म्हणता ना, मग ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे कॉमिकसारखी चित्रांतून सांगितलेली लांबलचक गोष्ट, देऊन बघा की! आधी घ्या 'व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड' (२०२०), केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत वाढलेल्या ओमर मोहमेदची स्वतःचीच गोष्ट, चित्रं व्हिक्टोरिया जेमिसनची. ओमरला शाळेत जायचंय, पण जवळजवळ न बोलणाऱ्या धाकट्या भावाला, हसनला, एकटं सोडायचं कसं... तरी रडगाणं अजिबात नाही, मधेमधे चक्क हसू येतं. निधी चनानीचं 'पश्मिना' (२०१७) पण भारी, त्यातल्या प्रियांका नावाच्या मुलीचं अमेरिकेतलं रोजचं आयुष्य काळंपांढरं आणि ती पश्मिना शाल अंगावर घेतली रे घेतली की पानं एकदम रंगीत! शेवट जरा घाईत उरकलाय असं मला वाटलं, पण त्या रंगांसाठी सगळं माफ.