रिपोर्टच्या आधी डोळा काढावा लागला

लेक पावणेदोन वर्षांची होती. तिन्हीसांजेला दिवा लावताना सासूबाई म्हणाल्या, "हिचा डावा डोळा मांजरासारखा चमकतोय गं." मी मोबाईलमधले जुने फोटो काढले. फ्लॅशच्या फोटोंत उजवी बाहुली लाल, डावी पांढरी. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोतही तसंच. त्याआधी गावातल्या डॉक्टरांनी तिरळेपणा म्हणून सांगितलं होतं, मोठी झाली की जाईल म्हणाले होते. ते महिने गेले ते गेलेच.

नांदेडहून हैदराबाद गाठलं. भूल देऊन दोन्ही डोळे तपासले. डोळ्याच्या सोनोग्राफीत गाठीत कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसले. मग एमआरआय. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कॅन्सर, ग्रुप ई, म्हणजे डोळ्यातला सगळ्यात वाढलेला गट. त्या डोळ्याला दिसत नव्हतंच, आतला दाबही वाढला होता. डोळा काढायचा म्हणाले.

मी सही करेना. मावशीच्या छातीतल्या गाठीची आधी सुईची तपासणी झाली होती, मग इथे का नाही? डॉक्टरांनी माझ्याच फाईलच्या पाठीवर पेनाने डोळा काढला. "ताई, हा बंद डबा आहे. सुई घातली तर त्याच वाटेने पेशी बाहेर पडतील. हा आजार बघूनच ओळखायचा असतो." मागच्या नसेवर त्यांनी आडवी रेघ मारली. "ही मेंदूकडे जाते. जमेल तितकी लांब कापून घेणार." त्या रेघेकडे बघत यांनी सही केली, मग मी.

डोळ्याच्या जागी आत गोळा बसवला, त्यावर स्नायू शिवले. काढलेला डोळा पॅथॉलॉजीला गेला. खरी घालमेल तेव्हा सुरू झाली. नवव्या दिवशी रिपोर्ट आला: नसेचं कापलेलं टोक स्वच्छ, कोरॉइडमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातही, कॅन्सरच्या पेशी नाहीत. केमो लागली नाही. मी तो कागद सासूबाईंना फोनवर दोनदा वाचून दाखवला.

आरबी१ जनुकासाठी तिचं रक्तही तपासलं. त्यात दोष निघाला असता तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका होता. निघाला नाही. तरी उजव्या डोळ्याची तपासणी चालू आहे, आम्ही एकही तारीख चुकवत नाही.

दीड महिन्याने कृत्रिम डोळा झाला. तो रंगवणारे दादा तिचा उजवा डोळा पुन्हा पुन्हा निरखत होते. तपकिरी लावला, थांबले, बाहुलीभोवती किंचित मधाळ छटा दिली. ती छटा मलाही कधी दिसली नव्हती.