नागपुरात उतरायचं कुठं? आधी कॅलेंडर, मग मेट्रो

नागपूरला जातोय म्हटलं की आमच्या नाशकात पुढचा प्रश्न ठरलेला, "ताडोबाला ना?" नाही, आम्हाला नागपूरच बघायचं होतं. गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलेलं, भोसल्यांचं राजधानीचं शहर. पुढे मध्य प्रांताची, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशचीही राजधानी. त्यामुळे बघण्यासारखं सगळं दोन बाजूंना विभागलंय. भोसल्यांच्या खुणा महाल नावाच्या जुन्या भागात, इंग्रजांच्या सिव्हिल लाइन्सला आणि मधे सीताबर्डीची टेकडी. खोली शोधायला बसाल तेव्हा एवढं डोक्यात असू द्या.

ॲपवर चकचकीत दिसणारी बरीच हॉटेलं वर्धा रोडला, विमानतळाच्या अंगाला आहेत. कामानिमित्त येणाऱ्यांना ती सोयीची. शहर हिंडायचं असेल तर मात्र दुपारी परत येऊन तासभर पडावं म्हटलं की जाण्यायेण्यातच वेळ जातो, आणि सोबत म्हातारी माणसं असली की ती दुपारची झोप लागतेच.

महालाजवळ राहायचं म्हणून आधी सेंट्रल एव्हेन्यूवर चौकशी केली. दर कमी, स्टेशन जवळ, इतवारीचा बाजार हाकेच्या अंतरावर. मॅनेजरने दाखवलेल्या खोलीची खिडकी उघडली तर समोर मेट्रोचा खांब आणि खाली हॉर्नचा नुसता कल्ला. काच लावली तरी टेबलावरचा ग्लास तांब्याला लागून किणकिणत होता. मागच्या बाजूची आहे का विचारलं, तर म्हणे, "आहे ना भाऊ, पण तिले खिडकी नाही." माणूस खरं बोलला, हेही काही कमी नाही. तिकडे राहणार असाल तर बुकिंगआधी फोन करून 'मागची, पण खिडकीवाली' असं स्पष्ट विचारून घ्या.

शेवटी सीताबर्डीजवळ, रामदासपेठेच्या कडेला उतरलो आणि तेच जमलं. मेट्रोचे दोन्ही मार्ग सीताबर्डी स्टेशनात एकत्र येतात. तिथून चितारओळी चौकाला उतरायचं, मूर्तिकारांच्या गल्लीतून रमतगमत चालायचं आणि ऑटो करून महालात जायचं. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तिथून पुढे वाड्यांचा भाग सुरू होतो. झिरो माइलचा दगडी खांब आणि अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, दुसऱ्या दिवसाला ठेवा, पण तो सोमवार नको, बंगला बंद असतो. रात्री जेवण लांबलं की मेट्रो संपलेली असते. सावजीला जाणार असाल तर परतीच्या ऑटोचे पैसे धरून चला.

खोलीपेक्षा तारीख महत्त्वाची. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, ते बहुधा डिसेंबरात. तेव्हा आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चे सगळेच शहरात. खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तर दर चढा. आमचा ऑटोवाला म्हणाला, "डिसेंबरात या ना काका, मंग पाहू कुठं रूम भेटते तुम्हाले." दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तो सोहळा अनुभवायचा असेल तर खोली खूप आधी पक्की करा, नसेल तर ते दिवस टाळा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे. १८१७ची लढाई झाली ती जागा आतून पाहायची तर २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे मोजकेच दिवस मिळतात. त्यातल्या १ मेला मी तरी जाणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे भट्टी, आणि 'कूलरची खोली' स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. आम्ही फेब्रुवारीत गेलो, रात्री पंखाही लागला नाही.

मुंबई-नाशिककडच्यांनी विदर्भ एक्स्प्रेस धरली तर गाडी सकाळी पोचते आणि बहुतेक हॉटेलांचं चेक-इन दुपारी असतं. लवकर खोली मिळेल का, निदान सामान ठेवून अंघोळ करता येईल का, हे आधी विचारा. स्टेशनाजवळच्या काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आणि नाश्ता धरून असलेला दर घेऊ नका. कस्तुरचंद पार्कजवळच्या गाड्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री घातलेले पोहे मिळतात, त्यापुढे बुफेतले गार टोस्ट कोण खाणार? आमच्या बाबांना तिखट सोसत नाही, ते 'तर्री कमी' सांगून दुसरी प्लेटही मागत होते.