अडीच सुती बोल्ट आणि आठ एमएमचा नट: कोल्हापुरात कॅनोपी बसवून आलो

फोंडा घाट चढताना मागून सतत कुर्रकुर्र चाललं होतं. भाचा दर पाच मिनिटांनी मान वळवून बघायचा. माझ्या व्ही-क्रॉस पिकअपच्या हौद्यावर फायबरची जुनी कॅनोपी, म्हणजे हौदा झाकणारं बंद छत, नुसती ठेवलेली, खाली दोन गोधड्या आणि वरून सुंभाचा दोर. कुडाळला आम्ही दोन रविवार खपून ती बसवू शकलो नव्हतो. विकणारा म्हणाला होता, "कुठल्याही डबल कॅबला बसते." हे वाक्य कानावर पडलं की तिथून उठायचं, एवढं मला आता कळलंय. व्ही-क्रॉसचा हौदा वेगळा, हायलक्सचा वेगळा. लांबी-रुंदी जुळली तरी कडेचा उतार जुळत नाही.

पहाटे पाचला निघून कणकवली, फोंडा, दाजीपूर, राधानगरी असे गेलो. दाजीपूरच्या जंगलात सकाळी गवा आडवा येऊ शकतो, म्हणून आणि दोरावर भरवसा नव्हता म्हणूनही चाळीसच्या वर गेलो नाही. भोगावतीला चहा घेतला आणि रंकाळ्याच्या बाजूने शहरात शिरलो. मिसळ खाल्ली, तिच्याबद्दल लिहीत नाही, सगळेच लिहितात.

काम उद्यमनगरात. इथे एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत वेल्डिंग, त्यापुढे नट-बोल्टचं दुकान. अडलेली वस्तू घेऊन चालत फिरायचं, हीच इथली पद्धत. गल्ल्या अरुंद आहेत. सव्वापाच मीटरची गाडी आत घालून मी अर्धा तास घालवला. तुम्ही बाहेर लावा, एखादा क्लॅम्प (कॅनोपी हौद्याच्या कडेला धरून ठेवणारी पकड) खिशात घालून आधी पायी जा. आणि निघण्यापूर्वी फोन करून साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारा.

मिस्त्री साठीचे असतील. त्यांनी कॅनोपीकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी बोल्टची पिशवी मागितली. मूठभर बोल्ट तळहातावर घेतले, एक उचलून नटात फिरवला. दोन आटे सहज गेले, तिसऱ्याला अडकला.

"हितं पान्हा लावून दाबलासा न्हवं?"

लावला होता. तीन बोल्टांचे आटे तसेच गेले होते.

"ह्यो अडीच सुतीचा हाय पावणं, आन नट आठ एमएमचा."

आमचे दोन रविवार असे गेले होते तर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, म्हणजे 7.94 मिमी. डोळ्याला तो आठ एमएमचाच बोल्ट दिसतो. पण त्याला इंचात 18 आटे, म्हणजे दोन आट्यांत 1.41 मिमी अंतर. साध्या आठ एमएमच्या बोल्टला ते 1.25 असतं. दर फेऱ्याला थोडी थोडी चूक साठत जाते आणि नट आवळला गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात क्लॅम्प अजून सैलच असतो, आवळलेले असतात ते फक्त आटे. कॅनोपी परदेशी किटची होती, मधे कुणीतरी हरवलेले नट इथले घातले होते. मिस्त्रींनी आट्याचं गेज लावून दाखवलं: दात बोल्टच्या खाचांत बसतात की मधून उजेड दिसतो, एवढंच बघायचं. हे गेज स्वस्तात मिळतं, जुनी कॅनोपी घेताना जवळ ठेवा. आम्ही सगळे बोल्ट काढून 8.8 ग्रेडचे आठ एमएमचे घेतले, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे) आणि मोठ्या व्यासाचे वायसर. बारीक वायसर फायबरमध्ये रुततो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच तडा जातो. कोकणातल्या हवेसाठी स्टेनलेस घेणार असाल तर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की जाम होतं, मग कापावंच लागतं.

एवढ्यावर संपलं असतं तर जेवायला लवकर गेलो असतो.

नवे बोल्ट घालूनही क्लॅम्पचा जबडा बसेना. जबडा उघडतो 40 मिमी, आणि हौद्याची कड, कॅनोपीची कड, मधलं रबर मिळून होत होते 45. जास्तीचे पाच कुठून आले ते शोधायला मिस्त्रींनी नख वापरलं. प्लास्टिकचं बेडलायनर, म्हणजे हौद्याच्या आतलं अस्तर, कडेवरून दुमडून बाहेर आलेलं होतं, त्याच्यावर कॅनोपी टेकत होती. मी म्हटलं लायनरच काढून टाकू. ते म्हणाले, कशाला, जिथं क्लॅम्प येतो तिथलीच बोटभर पट्टी कापा. पण ग्राइंडर लावू दिला नाही: ठिणग्या रंगात आणि काचेत रुततात आणि लोखंडाच्या कणांचे ठिपके पावसाळ्यात गंजून बाहेर येतात. धारदार कटरने हळूहळू कापलं. सहा क्लॅम्पना तासभर लागला.

मग उतार. हौद्याच्या कडेची आतली बाजू तिरकी, क्लॅम्पचा तळ सपाट. आवळला की क्लॅम्प तिरका होऊन सरकतो, म्हणजे आवळूनही घाटातला कुर्रकुर्र आवाज गेला नसता.  शेजारच्या शेपरवाल्याने अॅल्युमिनियमच्या पट्टीचे सहा पाचर काढून दिले. मिस्त्रींनी पत्र्याचा तुकडा कडेला टेकवून उतार रेखला, तोच नमुना. कागदावर माप नाही, आकडा नाही. पाचर घातल्यावर क्लॅम्प असा बसला की हाताने हलेना.

आता मापाचं. हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा, आणि फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, बंद करून मोजा. फाळका उघडा असला की बाजू किंचित फाकतात. आम्ही घरी उघड्या फाळक्यावर मोजलं होतं, म्हणून मागची काच लागत नव्हती आणि दोष कुलुपाला देत होतो. बसवताना पुढचे दोन क्लॅम्प हलके धरा, मग मागचे, फाळका आणि काच दोन-चार वेळा उघडून-लावून बघा, आणि मगच थोडं थोडं आलटूनपालटून आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. कॅनोपी उचलायला चौघं हवीत, दोघांनी उचलली की ती मधे पिळवटते.

सीलंटची एक गोष्ट. आम्ही नेलेलं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन मिस्त्रींनी बाजूला ठेवलं. त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू सीलंट वापरा, आणि ते सुकायला एक रात्र द्या. म्हणून मुक्काम ठेवा. आम्ही संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायलो, भाच्याने दोन ग्लास.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. म्हणून हौद्याला एकही भोक न पाडता, सुटी करता येईल अशी क्लॅम्पवर बसवली. तरी तुमच्या आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. भोक न पाडण्याचा दुसरा फायदा गंजाचा आहे, तो मला जास्त पटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून निघा. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.

आम्ही मेच्या शेवटी गेलो, तरी परतताना राधानगरीच्या पुढे वळीव गाठलाच. बरं झालं. निघण्यापूर्वी हौद्याच्या चारी कडांना आतून वर्तमानपत्राच्या घड्या चिकटवल्या होत्या. फोंड्याला थांबून बघितलं: मागचे कागद कोरडे, बाजूचे कोरडे, पुढचा डावा कोपरा भिजून लोंबत होता. मिस्त्रींना फोन लावला.

"रबराचा जोड कुठं ठेवलासा?"

"पुढे, डाव्या कोपऱ्यात." ते एकच काम आम्ही हट्टाने स्वतः केलं होतं.

"वारं फुडनं येतं, पाऊस फुडनं येतो, आन जोड फुडं?" फोनवर हसायचा आवाज आला. "मागं फाळक्याकडं घ्या. आन दोनशे किलोमीटर झाल्यावर नट परत बघा, रबर बसल्यालं असतंय."

रविवारी रबर सोडवून जोड मागे घेतला. सहापैकी चार नट पाव-पाव फेरा फिरले.