अष्टमीची भरती

२६ जानेवारी २०२६, सोमवार. रात्री पावणेअकरा.

आई झोपली. अंघोळ करूनही तिच्या पायाच्या बोटांत वाळू राहिलीय, आणि ती तिला काढायची नाहीये. मला मात्र आजचं सगळं लिहून ठेवल्याशिवाय झोप येणार नाही.

गेला आठवडाभर घरात एकच चर्चा होती, सोमवारी कुठल्या समुद्रावर जायचं. आई गुहागरची. परसदारातून उतरलं की वाळू, अशा घरात वाढलेली. दोन वर्षांपूर्वी गुडघे धरले, तेव्हापासून ती समुद्रावर गेलेलीच नाही. बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून तिचं एवढंच मागणं होतं, "एकदा पायाला पाणी लागू दे गं."

दादाला काशीद हवं होतं. पांढरी वाळू सुंदर आहे, पण किनारा उतरता आणि लाटेला ओढ. शिवाय गाडीत तेवढा वेळ पाय दुमडून बसणं आईला झेपलं नसतं. अलिबागला जायचं तर मांडव्याच्या बोटीत चढणं-उतरणं, त्यात जोडून सुट्टी, म्हणजे धक्क्यावर रांगा. अक्सा जवळ आहे, पण तिथल्या पाण्याने किती पोरं नेली ते दरवर्षी वाचते, माझं मन होत नाही. गोराईला खाडी ओलांडली की पोचलोच, पण सुट्टीच्या दिवशी तिथे आईची खुर्ची टेकवायला तरी जागा मिळेल का, अशी शंका होती. शेवटी पालघरजवळचं केळवे ठरलं. सपाट किनारा, सुरूची दाट सावली आणि शीतलादेवीचं देऊळ, म्हणजे आईचं दर्शनही होणार.

पण सपाट किनाऱ्याची एक अडचण असते. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की नुसती ओली वाळू तुडवत चालत राहायचं. काठी घेऊन आईला तेवढं चालणं शक्यच नाही. म्हणजे पाणीच तिच्यापर्यंत यायला हवं. तेव्हा मला आजोबांचा हिशोब आठवला. आईचे वडील ओटीवर बसून सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी समुद्र तुडुंब आणि संध्याकाळी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला भरती. आणि अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती, उधाण नाही, लाट मऊ. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज पक्का. कॅलेंडर काढून पाहिलं, तर काल रथसप्तमी, आज माघ शुद्ध अष्टमी. सुट्टी आणि तिथी एकाच दिवशी. मी ते आईला सांगितलं तर तिने हळदीकुंकवाची तबकं पुसता पुसता नुसती मान वर केली. म्हणाली, "दादांचं गणित लक्षात आहे तुझ्या?" आपल्या वडिलांना ती दादा म्हणायची.

सकाळी हायवेला गर्दी लागली. मनोरला वळून पालघर, मग तिकडचंच माहीम, तिथून केळवे. देवळात आईने ओटी भरली. दीडच्या सुमाराला सुरूत पोचलो, आणि समोर पाहते तर समुद्र नाहीच. ओली करडी वाळू पसरलेली आणि पार टोकाला एक पांढरी रेघ. आई काही बोलली नाही. डबा उघडला, पोळी, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. ती जेवली, पण नजर त्या रेघेवर. माझ्या पोटात गोळा आला होता. पाणी वेळेवर येणार हे मला माहीत होतं, पण तोवर तिला बसवेल का?

तिला दुपारी चटईवर आडवं केलं आणि मी वाळूत गेले. खेकड्यांनी सगळी वाळू गोळ्यांनी भरून टाकली होती. नखापेक्षा लहान खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीपेक्षा जरा मोठी गोळी करून मागे टाकतो. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्या, सूर्याच्या किरणांसारख्या ओळींत. माझी सावली पडली की सगळे एकदम गायब. उकिडवी बसून पाय मुंग्यांनी भरले तरी मला उठवेना. चारच्या सुमाराला बाहेरच्या ओळींवर पाणी फिरलं आणि गोळ्या विरघळल्या. तेव्हा धावत जाऊन आईला उठवलं.

दादाने घडीची खुर्ची ओल्या वाळूच्या कडेला मांडली. खुर्चीचे पाय रुतत होते म्हणून खाली सुरूची वाळकी फळी सरकवली. आईने चपला काढल्या, नेसूचं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. पहिली लाट हातभर अलीकडे थांबली. दुसरीही. पाचला दहा कमी असताना एक पातळ लाट आली, फेस आला आणि आईच्या टाचांखालची वाळू निघून गेली. तिने पटकन पाय आखडले, मग पुन्हा सोडले. खाली वाकवत नव्हतं म्हणून मी ओंजळीत पाणी दिलं. तिने ते डोळ्यांना लावलं आणि उरलेलं गुडघ्यांवर चोळलं.

सूर्य बुडाला तेव्हा डोक्यावर अर्धा चंद्र होता आणि पाणी खुर्चीच्या पहिल्या जागेच्या बरंच पुढे येऊन गेलं होतं. आम्ही खुर्ची तीनदा मागे सरकवली. परतताना रस्त्याकडेच्या वाडीतून केळी घेतली. पानमळ्यांतली विड्याची पानंही आईने स्वतः निवडून घेतली.

आत्ता पाणी प्यायला उठले तर कॅलेंडरचं पान उलटलेलं दिसलं. फेब्रुवारी. आठ तारखेच्या रविवारभोवती, वद्य सप्तमीवर, पेन्सिलीने गोल, आणि शेजारी आईच्या थरथरत्या अक्षरात : सव्वापाच.