‘म्हणून’ नेमके कुठे येते? चुकांविषयीचे लेखन वाचताना: महिना सातवा

मानवी चुकांविषयीचे ललितेतर लेखन वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक अक्षर टाकायचे, हा नेम मी सहा महिने पाळला. कथनाला ‘क’, वर्णनाला ‘व’, विवरणाला ‘वि’ आणि युक्तिवादाला ‘यु’. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश अभ्यासकाच्या १८६६ मधील पाठ्यपुस्तकामुळे ही विभागणी वर्गांतून रूढ झाली आणि ‘नदीचे आत्मवृत्त’ किंवा ‘विज्ञान: शाप की वरदान’ लिहिताना आपणही तीच नकळत गिरवली. पहिले चार महिने अक्षरे भराभर पडत गेली, आणि त्या वेगाचाच मला पुढे संशय येऊ लागला. जुन्या खुणा पुन्हा तपासल्या तेव्हा कळले की परिच्छेदाचा पेहराव पाहूनच मी अक्षर टाकत होतो. भूतकाळी क्रियापदे आणि घड्याळातील वेळा दिसल्या की ‘क’, पंखांचा रंग आणि आभाळ दिसले की ‘व’. तो परिच्छेद वाचकाकडून काय मान्य करून घेतो, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

या महिन्यात एकच प्रसंग घेऊन त्यावर ठाण मांडले. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते आणि सुमारे ४१,००० फुटांवर त्याचे इंधन संपले. ते तरंगत तरंगत मॅनिटोबातील गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले गेले आणि विमानातील सर्व ६९ जण वाचले. इंधनमापक बंद असल्यामुळे टाकीतील इंधन पट्टीने मोजले होते, आणि कंपनीच्या ताफ्यात इंधनाचे वजन पौंडांऐवजी किलोग्रॅममध्ये मोजणारे हे पहिलेच विमान होते. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते आणि टाकीत ७,६८२ लिटर होते. त्याला १.७७ ने गुणून १३,५९७ हा आकडा आला, तो किलो समजला गेला, आणि उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर भरले गेले. १.७७ हे लिटरमागचे पौंड होते. किलोचा गुणक सुमारे ०.८ आहे आणि त्या हिशेबाने २०,००० लिटरच्या आसपास इंधन भरायला हवे होते.

हा गुणाकार मी वहीत स्वतः करून पाहिला, कारण आकड्यांचा परिच्छेद कोणत्या प्रकारात बसवायचा याचा निर्णय होत नव्हता. वरवर पाहता ते विवरण आहे, म्हणजे एखादी क्रिया कशी झाली हे पायरीपायरीने सांगणे. परंतु गुणाकार आणि भागाकार दोन्ही अचूक आहेत हे दिसल्यावर तोच परिच्छेद युक्तिवाद होऊन बसतो, कारण ‘हिशेब चुकला’ हे सर्रास केले जाणारे विधान तो खोडून काढतो. हिशेब बरोबर होता. एकक दुसरे होते. ज्या लेखनात आकडे गाळून ‘गणितात चूक झाली’ एवढेच म्हटले असेल, तिथे वाचकाच्या डोळ्यांसमोर एखादा निष्काळजी माणूस उभा राहतो. आकडे दिले तर जुन्या आणि नव्या मापांच्या सांध्यावर उभी असलेली काळजी घेणारी माणसे दिसतात. म्हणून या परिच्छेदाला मी ‘वि’ लिहून त्याखाली बारीक ‘यु’ लिहिले. दुहेरी खूण करण्याची ही माझी पहिली वेळ. ज्यांना एका परिच्छेदाला एकच अक्षर हवे असते, त्यांना हे रुचणार नाही हे मी जाणून आहे.

याच प्रसंगाचे कथन दोन प्रकारे लिहून पाहिले. एकात सुरुवात आकाशातील धोक्याच्या घंटेपासून केली, दुसऱ्यात जमिनीवर इंधन मोजण्यापासून. घटना त्याच, क्रम तेवढा वेगळा. पहिल्यात शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे इंधन मोजणाऱ्यांची प्रत्येक हालचाल मूर्खपणाची भासते, आणि ‘त्यांच्या लक्षात यायला हवे होते’ हे वाक्य न लिहिताही वाचकाच्या मनात तयार होते. दुसऱ्यात वाचक त्यांच्याबरोबर फसतो. कथनाने केलेला हा युक्तिवाद ओळखण्यासाठी मी आता तीन जागी पेन्सिल थांबवतो: ‘म्हणून’, ‘तरीही’ आणि ‘हवे होते’. ‘नंतर’ची जागा ‘म्हणून’ घेते तिथे कालक्रमाचा कार्यकारणभाव झालेला असतो, आणि पुष्कळदा त्याला दिलेला पुरावा त्या एका शब्दापलीकडे नसतो.

मराठीत वाचणाऱ्याला इथे आणखी एक वाट सापडते आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ‘मी चुकलो’, ‘मी चूक केली’, ‘माझी चूक झाली’, ‘माझ्याकडून चूक झाली’ आणि नुसते ‘चूक झाली’: या पाच वाक्यांत माणूस टप्प्याटप्प्याने क्रियेपासून दूर सरकत जातो आणि शेवटच्यात नाहीसा होतो. (आमच्या अहिराणीतले ‘मन्ही चूक व्हयनी’ मधल्या पायरीवरचे; माणूस कर्ता उरत नाही, पण धनी राहतो.) आता मी लेखातील चुकीच्या वाक्याखाली रेघ ओढून ते कोणत्या पायरीवर आहे हे पाहतो. एकाच लेखात वरिष्ठाची चूक ‘झाली’ आणि कनिष्ठाने चूक ‘केली’ असे आढळले, तर समासात निमूटपणे ‘यु’ पडते, मग तो परिच्छेद कितीही तटस्थ निवेदनाच्या सुरात लिहिलेला असो.

वर्गीकरणाबाबत थोडक्यात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मांडलेली विभागणी आपल्या शब्दांत सांगायची तर हात चुकणे, विसर पडणे, समज चुकणे आणि जाणूनबुजून नियम मोडणे अशी होते. पहिल्या दोहोंत बेत बरोबर असतो पण तो तडीस जाताना बिघडतो. तिसऱ्यात बेतच चुकीचा असतो आणि तो बिनचूक पार पाडला जातो. गिमलीचा हिशेब उघडच तिसऱ्या खणातला आहे. पण खण निवडणे हाही निवाडाच असतो, आणि चौथ्या खणात टाकलेल्या माणसाकडे वाचक पुन्हा पहिल्या नजरेने पाहत नाही.

अमळनेरचे आप्पा, जे तापी खोऱ्याच्या मार्गावर स्टेशनमास्तर होते आणि आता माझ्या वह्या तपासतात, त्यांना बेनसाहेबांची चौकट मुळातच मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त (दाखला) आणि दार्ष्टान्तिक (दाखल्याचा उलगडलेला अर्थ) अशी तिहेरी रचना तेराव्या शतकापासून आपल्या हाती असताना आपण दाखला आणि त्याचा अर्थ वेगळे ओळखण्यासाठी स्कॉटलंडला का जावे. त्यांची तक्रार मला अर्धी पटते. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टान्त तर आकलनातील चुकीविषयीच आहे, आणि ‘हे असे घडले’ कुठे संपते व ‘याचा अर्थ असा’ कुठे सुरू होते, हे ती रचना उघड दाखवते. आजच्या लेखकांचा दार्ष्टान्तिक दृष्टान्ताच्या पोटात दडलेला असतो, म्हणूनच तर तो शोधायला आपल्याला पेन्सिल लागते. मात्र वर्णन आणि प्रक्रिया यांसाठी त्या रचनेत जागा सापडत नाही, म्हणून मी दोन्ही चौकटी वापरतो.

शेवटी स्वतःवर प्रयोग केला. चोपड्याजवळच्या आमच्या शेतात एक एकर केळी आहे, पाच बाय पाच फुटांवर लावलेली, म्हणजे १,७४२ झाडे. ठिबकमधून खत सोडण्याचा तक्ता दर हजार झाडांचा होता आणि मी तो एकरी समजून मोटारीच्या खोलीच्या दारावर चिकटवला. पाच आठवडे प्रत्येक झाडाला ठरल्या मात्रेच्या जेमतेम ५७ टक्के खत मिळत राहिले. खालची पाने फिकट पडू लागली तेव्हा उलगडा झाला. हे मी वीस ओळींत लिहिले, आणि प्रामाणिक कथन जमले या समाधानात समासात ‘क’ टाकून वही आप्पांकडे पाठवली.

वही परत आली ती नवव्या ओळीखाली तांबडी रेघ घेऊन. ती ओळ अशी होती: ‘तक्त्यात हजार झाडांचे प्रमाण दिलेले होते, तरीही सालदाराकडून संपूर्ण एकराला तेवढेच खत सोडले गेले.’ समासात आप्पांनी ‘यु’ लिहिले होते आणि पुढे विचारले होते, ‘भाऊ, तक्ता दारावर लावला कोणी?’ माझ्या तीन शब्दांपैकी एक त्या ओळीत ठळक बसला होता आणि मला तो दिसला नव्हता. सालदाराने तर दारावर लिहिले होते तेच, तेवढेच आणि वेळच्या वेळी केले होते. ओळ आता अशी आहे: ‘तक्त्यावरचे “दर हजार झाडांना” हे शब्द मी वाचले नाहीत, आणि सालदाराने मी लावलेल्या तक्त्याप्रमाणे खत सोडले.’ या वाक्यातील ‘आणि’ तपासायला वही पुन्हा अमळनेरला गेली आहे.