व्हेनिसला गाडी कुठे लावली आणि आईला किती पूल चढायला लागले

गेल्या वर्षी मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला आले होते, आणि आईला व्हेनिस बघायचंच होतं. पण तिचे गुडघे दुखतात, दोन जिने चढली की बसायलाच लागतं. आणि व्हेनिसमध्ये 400 च्या वर पूल, त्यातल्या बहुतेकांना पायऱ्या, गाडी तर शहरात जातच नाही. त्यामुळे गाडी लावल्यावर हॉटेलपर्यंत किती पूल लागतील याचीच मला जास्त काळजी.

हॉटेल शोधताना आधी मी मॅपवर नुसतं अंतर बघत होते, साडेतीनशे मीटर म्हणजे काय जवळच की, मग झूम केलं तर तेवढ्यात तीन पूल. मग सरळ चार-पाच हॉटेलांना मेल टाकला की तुमच्या जवळचा बोटीचा स्टॉप कुठला आणि तिथून येताना वाटेत पूल किती. सान तोमा स्टॉपजवळच्या एकांनी लिहिलं, एकही नाही. थोडं महाग होतं पण तेच घेतलं.

गाडीने व्हेनिसला जायला मुख्य जमिनीवरून येणारा लिबेर्ता पूल, जवळजवळ चार किलोमीटर, आणि एकदा त्यावर चढलं की मध्ये वळायला जागा नाही, म्हणून पार्किंग आधीच ऑनलाइन बुक करून ठेवलं होतं ते फार बरं झालं. पुलाच्या टोकाला सरळ गेलं की पियात्साले रोमा या चौकातली गॅरेजेस, ती शहराला जवळ पण महाग. आम्ही उजवीकडे वळून त्रोनकेत्तोला, म्हणजे पार्किंगच्या बेटावर गेलो, तिथून लाइन 2 ची बोट थेट सान तोमाला जाते.

त्रोनकेत्तोला टोपी घातलेली काही माणसं हात करून बोलवतात, अगदी सरकारी वाटतात, पण ती प्रायव्हेट बोटींची असतात. बाबा निघालेच होते त्यांच्यामागे, मी थांबवलं. पब्लिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात, 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो आणि 48 तासांचा पास 35 युरो होता, दोन दिवस राहणार असाल तर पासच घ्या. आणि चढायच्या आधी तिकीट किंवा पास मशीनला टेकवायला विसरू नका.

इथे माझी एक चूक झाली. लाइन 2 दोन्ही बाजूंना जाते, एक ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यातून, म्हणजे रिआल्तो पुलाकडून, आणि एक जुदेक्का बेटाकडून, आणि मी नुसता नंबर बघून सगळ्यांना चढवलं. साक्का फिसोला या जुदेक्काकडच्या स्टॉपला उतरून बॅगांसकट परत उलटी बोट पकडली, आई काही बोलली नाही पण दमलेली दिसत होती, मला फार वाईट वाटलं. नंतर प्रत्येक वेळी तिथल्या कर्मचाऱ्याला "रिआल्तो?" एवढं विचारूनच चढलो.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाची बोट घेतली. गर्दी अजिबात नव्हती, आईला पुढे उघड्यावर जागा मिळाली आणि रिआल्तो पुलाखालून जाताना ती मान वर करून बघतच राहिली.